पहिल्याच तासाला पाचशे शब्द

फ्रेंच शिकायला आलेलं माणूस पहिल्याच दिवशी पळून जाऊ नये म्हणून मी एक युक्ती करते. फळ्यावर ‘टी’ने संपणारी इंग्रजी नामं लिहिते: युनिव्हर्सिटी, क्वालिटी, पॉसिबिलिटी, नॅशनॅलिटी. मग म्हणते, शेवटच्या ‘टी’चं ‘ते’ करा. युनिव्हेर्सिते, कालिते, पोसिबिलिते, नास्योनालिते. आलं की नाही फ्रेंच? मग ‘शन’वाले शब्द. ते लिहायला बहुतेक जसेच्या तसे, फक्त बोलताना ‘स्यों’. तासाभरात वहीत पाचशे शब्द जमतात आणि माणूस खुशीत घरी जातं. ही थापेबाजी आहे हे मला चांगलं ठाऊक आहे. त्या पाचशे शब्दांत पाणी नाही, पोळी नाही, ‘ये’ नाही की ‘थांब’ नाही.

माझं माहेर देवासचं, सासर धारचं. नवरा पीथमपूरच्या कारखान्यात, शिफ्टच्या बसनं जातो-येतो. मी पुढच्या खोलीत कॅनडाला निघालेल्यांचा क्लास घेते. आमच्या माळव्यातल्या मुलांना ही युक्ती लगेच पटते, कारण आमची मराठीसुद्धा अशीच चालते. हिंदी शब्द उचलायचा, त्याला मराठी शेपूट लावायचं. जुन्या बायका नाकं मुरडतात, पण काम भागतं. फ्रेंचमध्येही भागेल असं सगळ्यांना वाटतं.

तिलाही वाटलं. ती गंधवानीच्या दवाखान्यात नर्स होती. दर रविवारी बस पकडून धारला यायची, हातात वही आणि डबा. तीही देवासचीच मुलगी, म्हणून मला जरा जास्तच माया. लग्नानंतर चार-सहा महिन्यांत नवरा कॅनडाला गेला आणि पुढे तिथला कायमचा रहिवासी झाला. त्यानं हिला सांगून ठेवलं होतं, फ्रेंच कर, व्हिसाच्या अर्जात तुझे पॉइंट वाढतील, मग तुझंही होऊन जाईल. ही करत होती. ‘टी’ची यादी एका आठवड्यात पाठ, ‘शन’ची दुसऱ्या. इतकी मन लावून शिकणारी मुलगी मी क्लासमध्ये दुसरी पाहिली नाही.

परीक्षेत बोलण्याच्या भागात आपटली. सुट्टीच्या दिवशी काय करता, एवढंच विचारलं होतं. हिनं सांगितलं, नेसेसिते, दिफिक्युल्ते, रेस्पोंसाबिलिते.

‘‘अगं, कपडे धुते, झोपते, आईला फोन करते, एवढं सांगायचं!’’ मी खेकसले.

‘‘ते शब्द कुठे आहेत मॅडम, आपल्या यादीत?’’ ती म्हणाली.

मला हसू आलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

त्याच सुमारास क्लासमधल्या दुसऱ्या एका मुलीचं लग्न कॅनडातल्या मुलाशी झालं. तिचे कागद भरायला मी मदत केली. भाषेच्या परीक्षेचा रकाना शोधते आहे, तर तो नाहीच. नवरा तिथला रहिवासी असेल आणि त्यानं बायकोसाठी अर्ज केला, तर बायकोची भाषेची परीक्षा कोणी घेत नाही. लग्नाचा दाखला, फोटो, आणि त्याची सही. मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग मला गंधवानीची नर्स आठवली. तिचा नवरा एक सही करून तिला बोलावू शकत होता. फ्रेंच त्यानं नुसतं तिच्या मागे लावून दिलं होतं.

मी तिला सांगितलं नाही. कितीतरी रविवार गेले. ती बसमधून उतरून यायची, मी फळ्यावर नामं लिहायची, ती त्यांची शेपटं बदलायची. मला त्या न पाहिलेल्या माणसाचा संताप यायचा, आणि तो मी हिच्या उच्चारांवर काढायची. ती दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा मात्र माझ्यानं राहवलं नाही. बाकीचे गेल्यावर तिला बसवून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. रडेल म्हणून पाण्याचा तांब्याही आणून ठेवला होता.

ती रडली नाही. ‘‘मालूम आहे मला, मॅडम,’’ ती म्हणाली. ‘‘दवाखान्यातल्या कंप्यूटरवर पाहिलं होतं. पहिल्या परीक्षेच्याही पहले.’’

‘‘मग कशाला येतेस इतक्या लांबून?’’

‘‘क्लास चालू आहे तोवर मी जाणारी आहे ना. सासरी, माहेरी, दवाखान्यात, सगळे हेच म्हणतात, कॅनडाला जाणारी. क्लास बंद केला, तर उसी दिन से मी टाकलेली.’’

घटस्फोट घे म्हणावं? दुसरं लग्न कर म्हणावं? ते सगळं तिनं माझ्याआधी मनात करून पाहिलं असणार. तांब्यातलं पाणी मीच प्यायले.

पुढच्या रविवारी ती वेळेवर हजर. वहीचं कोरं पान उघडून म्हणाली, ‘‘आज कोणती यादी?’’

खरं तर याद्या संपत आल्या होत्या. मी ‘री’चे शब्द काढले. ‘री’चं ‘एर’ होतं. डिक्शनरीचं दिक्सिओनेर, सेक्रेटरीचं सेक्रेतेर, सॅलरीचं सालेर. एक शब्द मी मुद्दाम गाळला. तिनं सगळे नीट उतरवून घेतले, क्षणभर विचार केला आणि खाली स्वतःच लिहिलं, ॲनिव्हर्सरी, आनिव्हेर्सेर.

‘‘हाही याच यादीत येतो ना, मॅडम?’’

‘‘येतो,’’ मी म्हटलं आणि बरोबरची खूण केली.