टेप पास करणारा कान

आमचे मालक, म्हंजी माझे घरधनी, चांगदेव टकले. कोरेगाव भीमाला नगर रोडच्या कडंला आमचं गाड्यांच्या टेपचं दुकान व्हतं. नवी गाडी घेतली की लोक वढूला संभाजी महाराजांच्या समाधीचं दर्शन करायचे आन् मंग आमच्या दारात यायचे. कंपनीनं बसवून दिलेला टेप ठेवायचा का काढायचा, एवढंच विचारायला. मालक ठेवा म्हणले तर ऱ्हायचा, काढा म्हणले तर कोऱ्या गाडीचाबी निघायचा. उगा बढाई न्हाई मारत, पार शिरूर-दौंडावरनं माणसं यायची.

परीक्षा ऐकून तुम्ही हसाल. गाणं-बिणं न्हाई. माझे सासरे सावळाराम आबा मेंढरं राखायचे. कळप विकायच्या आधी मालकांनी तो चालताना कॅसेट भरून घेतली व्हती. ती लावायची, काचा वर करायच्या आन् डोळे मिटून पुढच्या सीटवर बसायचं. कळपात अकरा घंटा. भिकार टेप असला की सगळ्यांचा काला व्हायचा. चांगल्या टेपात अकराच्या अकरा सुट्ट्या, डाव्या अंगाच्या डावीकडं, उजव्या अंगाच्या उजवीकडं. उजव्या कडंला एका कोकराची बारकी घंटा व्हती. ती आली तर टेप पास.

दोन हजार एकच्या दिवाळीनंतर मला शंका आली. उजवीकडनं हळू बोललं की उत्तर न्हाई. आधी वाटलं माणूस मुद्दाम करतोय, आन् मी दोन दिवस चांगली भांडले. मंग एका दुपारी ते डाव्या कुशीवर, उजवा कान वर करून निजले व्हते आन् उशाशी फोन वाजून वाजून बंद पडला. सासऱ्यांचं असंच झालं व्हतं. आधी उजवा कान गेला, मंग दोन वर्षांत डावा. शेवटी शेवटी ते नुसते आमच्या तोंडाकडं बघत बसायचे आन् भलत्याच जागी हसायचे.

मी कुणाला बोलले न्हाई. दवाखान्यात चला म्हणायची छाती व्हईना, कारण म्हणलं म्हंजी ते खरं झालं. गाडी दारात लागली की उन्हाचा आडोसा म्हणून मीबी मागच्या सीटवर बसायला लागले, घंटा आपल्या कानानं ऐकायला. त्या वर्षात मालकांनी चार टेप नापास केले. ते मागं नेऊन मी गुपचूप लावून बघितले, चारी धडधाकट व्हते. माझं तोंड उघडलं न्हाई, ह्याचा मला आजबी राग येतो.

मंग खुटबावचे साहेबराव मामा नवी गाडी घेऊन आले. मालकांनी कॅसेट लावली, डोळे मिटले. मागं मला कोकराची घंटा लख्ख ऐकू येत व्हती. मी मनात म्हणत व्हते, पास म्हणा, एकदा नुसतं पास म्हणा.

"उजव्या अंगाचा स्पीकर मेलाय, मामा," मालक म्हणले.

मामा भडकले. "नवी गाडी आन् मेलेला स्पीकर? आत्ता जातो पुण्याला, मॅनेजरची गचांडी धरतो."

"थांबा, मागचा बघू द्या," म्हणून मालक सीटवर गुडघे टेकून माझ्याकडं तोंड करून वळले. टेप चालूच व्हता. त्यांचा चेहरा उतरताना मी बघितला. डावा कान आता मेलेल्या बाजूला आला व्हता आन् तिथं घंटा वाजत व्हत्या, आन् मघाची चांगली बाजू मुकी झाली व्हती. ते परत पुढं वळले. परत मागं. गाडी तर जागची हलली नव्हती.

त्यांनी माझ्याकडं बघितलं आन् मी नजर खाली घातली. तिथंच त्यांना समजलं की मला ठावं हाय.

"मामा, टेप बेस हाय," ते बाहेर येऊन म्हणले. "माझा कान गेलाय. इथनं पुढं मला विचारू नगा."

"दवाखाना करा, चांगदेव," म्हणत मामा गाडीत बसले. गाडी रोडला लागली. मालक तिकडंच बघत उभे, मी त्यांच्या उजव्या अंगाला.

"सुवर्णा, आबांसारखा डावाबी जाईल का गं?"

"न्हाई, अवं न्हाई जायचा," मी लगेच म्हणले.

त्यांना ते ऐकूच गेलं न्हाई. तेच त्यांनी परत विचारलं. तवा मी वळसा घालून डाव्या अंगाला गेले, जवळ उभी ऱ्हायले, आन् त्या ऐकणाऱ्या कानात मला तेवढं खोटं बोलता आलं न्हाई.