शेवटच्या कडव्यातलं नाव

गप्पांत कुणी भुताखेतांचा विषय काढला, की मी चहा टाकायला उठतो. आजही उठतो. त्यामुळे हे वाचून ‘काका, तुम्हीसुद्धा?’ असं विचारू नका... माझीच चिडचिड होते.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. माझा केशवमामा ठाण्याचा. नकला करायचा, स्वतःची गाणी स्वतः बांधून गायचा — गणपतीत, पूजेला, कारखान्यांच्या गॅदरिंगला. पेटीवर मी. गाणी गाजायची, पण मामाच्या नावावर कधीच नाही! ठाण्यात म्हटलेलं गाणं आठवड्याभरात डोंबिवलीत दुसऱ्याच पार्टीच्या तोंडी. म्हणून मामाने युक्ती काढलेली. शेवटचं कडवं तो आधी रचायचाच नाही. स्टेजवर उभं राहून, समोरची माणसं बघून जुळवायचा आणि त्यात स्वतःचं नाव गुंफायचा.

त्या वर्षी त्याने होडीचं गाणं बांधलं. ‘नावाड्या रे, थांब जरा, मी मागं राहिलो...’ इतकं सुंदर गाणं त्याला आधी कधी जमलं नव्हतं. कल्याणजवळ मोहने गावातल्या प्रोग्रामला रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस येणार होता. तोवर ते खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही, असं ठरलेलं. दारं-खिडक्या लावून, घामाघूम होत तालीम केली आम्ही.

मोहने. कारखान्याची वसाहत, गणपतीचा मांडव, भर दुपार. मामाने पहिली ओळ म्हटली... आणि दुसरी बायकांच्या बाजूने आली! नदीकाठच्या कोळीवाड्यातली एक म्हातारी डोळे मिटून, मजेत, शब्दन् शब्द म्हणत होती.

मामाने गाणं थांबवलं. “आजी, हे कुठं ऐकलंत?”

“यो गाना त माजे आयचा हाय. लग्नान बोलताव आमी.”

मांडवात हशा. मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, “अहो केशवराव, निदान जुनं आहे असं सांगून तरी म्हणा!”

मामाचा पारा चढला. “जुनं काय? मग आजी, शेवटचं कडवं म्हणा बघू!”

मला हायसं वाटलं. ते कडवं कुणाला येणं शक्यच नव्हतं, कारण ते अजून झालंच नव्हतं.

म्हातारीने घसा खाकरला. ‘केशव म्हणे, गेली होडी, काठावर राहिलो.’

नाव मामाचंच! आता तरी गाणं त्याचं हे लोकांना पटेल, असं वाटलं... कुठलं काय! मागून कुणीतरी ओरडलं, “गाणं तर ढापलंच, वर स्वतःला नाव पण त्यातलंच लावलं!” रेकॉर्डवाला हसत हसत उठून गेला.

परतताना बसमध्ये मामाने तिकिटं काढली. मग म्हणाला, “विनू, मी हेच म्हणणार होतो रे. तिथंच सुचलेलं. माझ्या तोंडून निघायच्या आधी तिने म्हटलं.”

त्यानंतर त्याने एकही गाणं बांधलं नाही. शेवटपर्यंत नुसत्या नकला. मी मोहन्याला पुन्हा गेलो, त्या म्हातारीला आणि तिच्या शेजारणींना विचारलं. केशव कोण, कुणालाच ठाऊक नाही. गाणं मात्र सगळ्यांना पाठ. भिंतीआडून कुणी तालीम ऐकली असेल, मान्य. पण शेवटचं कडवं? इतकी वर्षं डोकं फोडतोय.

परवा ते गाणं रेडिओवर लागलं. निवेदिका म्हणाली, “पारंपरिक कोळीगीत, कवी अज्ञात.” अज्ञात? अहो, नाव आहे त्यात, शेवटपर्यंत ऐका तरी! मी रेडिओला कान लावून शेवटच्या कडव्याची वाट बघत बसलो. त्याच्या आधीच गाणं तोडून बातम्या लावल्या.