पन्नास पावलांवरचं अक्षर

बदरुन्निसा पंचविसाव्या वर्षी विधवा झाली. नवरा देहूरोडच्या लष्करी डेपोत पेंटर होता. खोक्यांवर, गाड्यांवर, गोदामांच्या दारांवर अक्षरं रंगवायचा. त्याच्या जागी तिला घ्यायचं ठरलं तेव्हा साहेबांनी विचारलं, "चहापाणी बघाल, की साफसफाई?"

"ब्रश द्या," ती म्हणाली. "घरी त्यांच्या निम्म्या पाट्या मीच रंगवायचे."

साहेबांनी तिला भिमाजींच्या हाताखाली दिलं. भिमाजी सुदुंबऱ्याचे. बोलणं रांगडं, पण हाताचं वळण असं की बघत राहावं. पहिल्याच दिवशी तिनं रंगवलेलं खोकं त्यांनी उचललं, तीस पावलं लांब नेऊन ठेवलं आणि म्हणाले, "वाच आता."

तिला वाचता येईना.

"अक्षराच्या पोटातली मोकळी जागा तू रंगानं खाल्लीस, पोरी. जवळनं लय ग्वाड दिसतंय, पर लांबनं निसता कोळसा. आदी पोकळी जपायची, मग रंग."

दारूगोळ्याच्या खोक्यावरचं अक्षर चुकीचं वाचलं गेलं तर काय होतं, ते तिथं कुणाला समजावून सांगावं लागत नसे. पस्तीस वर्षं ती तेच काम करत राहिली. साठाव्या वर्षी निवृत्त झाली आणि तळेगाव गावातल्या तांबट आळीत, मुलगा रमीज आणि सून जीनत यांच्याकडे राहू लागली. रस्त्यानं चालताना दुकानांच्या पाट्या मनातल्या मनात दुरुस्त करायची सवय मात्र सुटली नाही. जीनत कधीकधी चिडायची, "अम्मी, भाजी घ्यायला आलोय आपण."

तिच्या निवृत्तीनंतर दोन वर्षांनी गावातल्या काही मंडळींनी जुन्या आळ्यांना नावाच्या पाट्या लावायचं मनावर घेतलं. समिती झाली. निवृत्त मुख्याध्यापक त्र्यंबकराव तिचे अध्यक्ष. पाट्यांची रचना करायला पुण्याहून ऋचा नावाची तरुण डिझायनर आली. मुलगी कष्टाळू होती. आळी न् आळी पायी फिरली, जुन्या दारांच्या चौकटींचे फोटो काढले, पाट्या बसवायला दगडी खांबाचं चित्रही काढलं. नमुन्याची पहिली पाटी तांबट आळीच्या तोंडाशी लागली. गडद तपकिरी पत्रा, त्यावर सोनेरी, नाजूक, लपेटदार अक्षरं. लोकांनी पाटीजवळ उभं राहून फोटो काढले. बदरुन्निसानं रस्त्याच्या पलीकडून एकदा पाहिलं आणि काही बोलली नाही. आपल्याला विचारलंय कुणी, असं तिच्या मनात आलं.

त्या गप्प बसण्याचं तिला पुढे फार वाईट वाटलं.

महिन्याभरानं एका संध्याकाळी आळीतल्या कोंडाजी आबांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्स बोलावली. सायरन ऐकू येत होता, जवळ येत होता आणि पुन्हा लांब जात होता. शेवटी रमीज धावत चौकात गेला आणि गाडी अडवून घेऊन आला. आबा वाचले. पण ड्रायव्हर सत्यम घाम पुसत म्हणाला, "तीन वेळा इथूनच गेलो, मावशी. पाटी दिसली, पण तांवट का ताबट काहीतरी वाटलं. म्हटलं, ही नव्हे."

दुसऱ्या दिवशी ती समितीच्या बैठकीत जाऊन बसली. तिनं घडलेलं सांगितलं. त्र्यंबकराव अवघडले.

"पाटीला जुनेपणाचा बाज हवा ना, बदरुन्निसाबाई. सगळ्यांना आवडलीय ती."

"बाज राहू द्या, सर. पण तुमच्या पाटीतल्या ब च्या पोटातली रेघ लांबून दिसतच नाही. मग ब चा व होतो. अनुस्वार शिरोरेघेला चिकटलाय, तो त्यातच बुडतो." ती ऋचाकडे वळली. "बेटा, तुझं अक्षर देखणं आहे. पण ते घरात लावण्याजोगं आहे, रस्त्यावर नाही. मला एक पत्रा द्या आणि आठ दिवस द्या. मग दोन्ही पाट्या चौकात ठेवू. लोकच सांगतील."

ऋचाचा चेहरा उतरला होता. तरी तीच आधी म्हणाली, "ठेवू या."

आठ दिवस बदरुन्निसा पडवीत बसून होती. दोन वर्षं ब्रश हातात धरला नव्हता. पहिल्या दिवशी रेघ थरथरली, तिनं पत्रा पुसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसला. तिसऱ्या दिवशी बिस्मिल्ला म्हणून तिनं त चा काना ओढला आणि तो वरपासून खालपर्यंत सरळ उतरला. जीनत दारात उभी राहून बघत होती. त्या दिवसानंतर तिनं सासूच्या हाताला भांडं लागू दिलं नाही.

रविवारी बाजाराच्या गर्दीत दोन्ही पाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. कुठली कुणाची, ते सांगितलं नाही. येईल त्यानं वाचता येईनासं होईपर्यंत मागं मागं जायचं आणि ऋचानं पावलं मोजायची. तपकिरी पाटी अठरा-वीस पावलांवर विरून जायची. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांची पाटी लोक पन्नास पावलांवरून वाचत होते. भाजीवाल्या बायका तराजू सोडून मागं जाऊन बघत होत्या. कोंडाजी आबा काठी टेकत आले. एका डोळ्यात मोतीबिंदू.

"हितनं दिसतंय की," ते पार मारुतीच्या देवळाच्या पायरीवरून म्हणाले. "तांबट आळी. आन् ब सुदीक ब दिसतोय."

मग सत्यमनं अँब्युलन्स चौकातून चालत्या वेगात नेली. खिडकीतून हात बाहेर काढून त्यानं अंगठा दाखवला. तेव्हा कुठं बदरुन्निसा खाली टेकली.

ऋचा वही घेऊन तिच्याजवळ आली. "मावशी, ळ च्या दोन गाठींमध्ये तुम्ही इतकी जागा कशी ठेवलीत? मला दाखवाल?"

"दाखवीन. पण तू मला ते दगडी खांबाचं चित्र दे. ते मला फार आवडलंय. पाटी त्याच्यावरच शोभेल."

असं दोघींचं जमलं. खांब आणि मापं ऋचाची, अक्षर बदरुन्निसाचं. नऊ महिन्यांत चौसष्ट पाट्या झाल्या. कोंडाजी आबांनी पारावर बसून प्रत्येक आळीचं लोकांच्या तोंडचं नाव सांगितलं आणि कागदावर गल्ली असलेल्या चार जागा पुन्हा आळी झाल्या. शेवटची पाटी लागली तेव्हा त्र्यंबकरावांनी भर सभेत सांगितलं, "मी आयुष्यभर मुलांची अक्षरं तपासली. या बाईंपुढे मीच नापास झालो." लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. रमीजला आईकडे बघवेना, तो चपला शोधत बसला.

पुढच्या जुलैत लोणावळ्याच्या जुन्या बाजारपेठेतून बोलावणं आलं. तिथली अडचण वेगळी होती. भरदुपारी धुकं उतरतं आणि समोरचं दुकान दिसत नाही. पांढरं अक्षर धुक्यात विरघळलं. बदरुन्निसानं पांढरा सोडून पिवळा घेतला, अक्षर अंगठ्याएवढं जाड केलं आणि ओल्या रस्त्यावर छत्री धरून उभी राहिली. ऋचा पाटीपाशी थांबली आणि बदरुन्निसा मागं मागं चालू लागली. दहा पावलांवर ऋचा पुसट झाली, वीसवर नाहीशी झाली. पिवळी अक्षरं मात्र धुक्यात तरंगत राहिली.

"किती झाली, मावशी?" धुक्यातून ऋचाचा आवाज आला.

"एकतीस. आणि अजून वाचतेय."

बाजारातले दुकानदार फळ्यांआडून बाहेर आले होते. चिक्कीवाल्यानं दोघींना आत बोलावून गरम चहा दिला आणि सगळ्या पेठेच्या पाट्या अशाच हव्यात, असं तिथल्या तिथं ठरलं. बदरुन्निसानं चहा संपवला, पदराच्या टोकानं बोटावरचा पिवळा रंग पुसला आणि दुकानदाराला विचारलं, "कुसगावकडं जाताना एक वळण लोकांना सापडत नाही म्हणतात. ते कुठं आहे? परतताना बघूनच जाऊ."