सेव्ह न केलेला बदल

दर्शना वाहूळ नाहूरला राहते आणि मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळते. सहा वर्षं, कंत्राटावर. आई शेजारणींना सांगते, "पोरगी हॉस्पिटलात आहे," आणि शेजारणी दर्शनाला गुडघेदुखीवरच्या गोळ्या विचारतात. तिचं काम स्विचपाशी. स्विच म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी. ती चालते तोवर तिच्याकडे कुणी बघत नाही. तिच्यापाशी बसलेल्या माणसाकडेही.

त्या रविवारी ओपीडी बंद होती, म्हणून दुपारी तीन स्विचचं फर्मवेअर, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, बदलायचं ठरलं. नवं चढवायचं आणि एकेक पेटी बंद करून पुन्हा चालू करायची. चार वर्षांत त्यातली एकही बंद झाली नव्हती.

पहिला स्विच सात मिनिटांनी जागा झाला आणि आयसीयूतून सिस्टर श्वेताचा फोन आला. "दर्शना, टेबलावरचा मोठा स्क्रीन काळा पडलाय! बारा पेशंट आहेत गं. मुलींना खाटेखाटेशी उभं केलंय. लवकर कर ना."

दर्शनाला लगेच कळलं. दोन वर्षांपूर्वी आयसीयूच्या मॉनिटरांना वेगळी वाट करून दिली होती. तो बदल चालू होता, पण सेव्ह केलेला नव्हता. सेव्ह न केलेलं पेटी बंद होताच विसरते. तिने त्या वाटेचे आकडे भराभर टाइप केले. अकरा मिनिटांनी स्क्रीन उजळला. कुणाला काही झालं नाही.

तोवर मॅनेजर देवव्रत खाली आला होता. "हे नंदकिशोरचंच काम. कधी वेळेवर सेव्ह करायचा नाही."

नंदकिशोर तिचे वरिष्ठ, गेल्या वर्षी निवृत्त झालेले. बदल आठवडाभर तसाच चालवायचा, चुकलाच तर पेटी बंद-चालू केली की जुनं परत येतं, ही त्यांची रीत.

"रिपोर्टात त्याचं नाव टाक. तू झकास सावरलंस यार. याच्यावर तुला कायम करून घेतो."

आकडे पाठ कसे, हे त्याने विचारलं नाही. दोन वर्षांपूर्वीही ते तिनेच टाइप केले होते. नंदकिशोर तेव्हा रजेवर होते. फोनवर म्हणाले होते, आठवड्याने सेव्ह कर. आठवडा गेला, ती विसरली.

तिने त्यांना फोन लावला.

"टाक माझं नाव," ते म्हणाले. "मला आता कोण काढणार?"

"सर, चूक माझी आहे."

"ठाऊक आहे गं. पण रीत मी शिकवली." मागे टीव्ही चालू होता. मग त्यांचा आवाज उतरला. "फक्त सगळ्यांसमोर वाचू नका म्हणावं."

दर्शनाने रिपोर्टात लिहिलं: बदल मी केला होता. सेव्ह करायला मी विसरले.

रिपोर्ट पाठवल्यावर देवव्रतचा फोन दोन मिनिटांत आला. "वेडी आहेस का? मी वर कळवून बसलोय. नाव बदल."

"नाही सर."

"मग कायम व्हायचं विसर. उरलेले दोन स्विच उरक, बाकीचं उद्या बघू."

तिने दुसरा स्विच उघडला. बंद करण्याआधी सेव्ह न केलेलं काही आहे का, ते पाहिलं. एक ओळ निघाली. ती कुणी टाइप केली होती, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. तिची असेल, त्यांची असेल. तिने ती सेव्ह केली आणि पेटी बंद केली. हिरवे दिवे एकेक करून गेले. आता सात मिनिटं काहीच करता येणार नव्हतं. फोन हातात धरून ती आयसीयूच्या नंबराकडे बघत उभी राहिली.