मणक्यांची चित्रं काढणाऱ्या मॅडम

"हलू नका. मी इथेच आहे." काचेपलीकडच्या माइकवरून मॅडम प्रत्येक पेशंटला हे सांगायच्या आणि खरोखरच तिथे असायच्या. तुम्ही कधी एमआरआय करून घेतला असेल, तर त्या बोगद्यात पडल्यावर या वाक्याचा केवढा आधार वाटतो ते तुम्हाला ठाऊक असेल. मशीन ठकठक करत असताना आम्ही बाकीचे चहाला सटकायचो. मॅडम खुर्ची सोडत नसत.

सदाशिव पेठेतल्या एका एमआरआय सेंटरवर मी त्यांच्या हाताखाली शिकलो. दिवसभर पाठीचेच पेशंट. मणक्यांमधल्या गाद्या पडद्यावर ओळखायला त्यांनीच शिकवलं. पाणी धरलेली गादी उजळ दिसते, वाळलेली काळी, आणि सरकलेली मागे नसेवर टेकलेली. एकदा एक निवृत्त मास्तर कुरकुरले, की एवढ्या गोंगाटात माणसानं झोपायचं कसं? मॅडम शांतपणे म्हणाल्या, "झोपा नाही म्हटलं, पडून राहा म्हटलं. झोपायला हा काही वर्ग नाही." मास्तर हसता हसता हलले आणि ते चित्र पुन्हा घ्यावं लागलं.

येरवड्यात त्या एकट्या राहायच्या. आई गेल्यापासून घरी कोणी नव्हतं. पेशंटना स्ट्रेचरवरून टेबलावर घेऊन घेऊन त्यांची स्वतःची कंबर कधीच गेली होती. उभ्या राहायच्या त्या उजव्या पायावर भार देऊन. तपासून घ्या, असं मी कितीदा म्हटलं, त्या विषय बदलायच्या. एकदाच खरं बोलल्या. "रिपोर्ट आला की 'काय निघालं?' असं विचारणारं कोणीतरी लागतं रे."

मग एका दुपारी पेशंटला उचलताना त्यांचं डावं पाऊल लुळं पडलं. डॉक्टरांनी लगेच एमआरआय करायला सांगितलं. कानातल्या कुड्या काढून त्यांनी माझ्या हातात दिल्या, गुडघ्यांखालची उशी स्वतःच सारखी केली आणि आत गेल्या.

काचेमागे मी. दहाएक मिनिटांनी बाहेरून हाक आली, कुठल्याशा कागदावर सही हवी होती. मशीन चालू होतं, म्हणून मी उठलो. सही केली, दोन शब्द बोललो, परत आलो तर घंटी वाजत होती. अडचण आली तर दाबायला पेशंटच्या हातात एक रबरी फुगा दिलेला असतो, तो मॅडमनी दाबला होता. किती वेळ दाबत होत्या, कोण जाणे.

मी माइकवरून विचारलं, काही होतंय का.

"नाही." मग म्हणाल्या, "कुठे गेला होतास?"

सही करायला, म्हटलं.

बाहेर आल्यावर त्यांनी पडद्यावर स्वतःची पाठ पाहिली, दुसऱ्या कोणाची असावी तशी. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसली होती. मला ते दिसत होतंच. तरी मी विचारलं, "काय निघालं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पडद्यावर बोट ठेवून, मी पहिल्याच दिवशी आलेला असल्यासारखं, सगळं सावकाश समजावून सांगितलं.

ऑपरेशन झालं. पाऊल बरंचसं सुधारलं, पण ओझं उचलायला मनाई झाली, म्हणजे त्यांचं सेंटरवरचं काम संपलंच. येरवड्याच्या घराला जिना होता, म्हणून त्या वाघोलीला लिफ्टच्या इमारतीत राहायला गेल्या. मी एकदा गेलो. चहा झाला. इथे सगळेच नवे, कोणी कोणाला ओळखत नाही, त्यामुळे बरं असतं, असं म्हणाल्या. पुन्हा येतो म्हणून निघालो, आणि सात-आठ महिने गेलो नाही.

गेलो तेव्हा दार दुसऱ्याच बाईंनी उघडलं. आधीच्या ताई कुठे गेल्या ते त्यांना ठाऊक नव्हतं. फोनही लागेना. खाली येऊन मी वर पाहिलं. मॅडमच्या गॅलरीत शाळेचे दोन छोटे गणवेश वाळत होते आणि आतून कोणीतरी मुलांना जेवायला हाका मारत होतं.