पुसलेल्या पेन्सिलीच्या खुणा

शुद्धलेखनाच्या चुका आणि वाकडं अक्षर माफ असावं. चौथीपर्यंतच शिकले. वही माझीच आहे, म्हणून लिहिते.

अष्टमी गावात ज्या काकांकडे मी केरवारे करते, त्यांच्याकडे रेडिओचं एक जुनं यंत्र आहे. त्यावर गाणी लागत नाहीत. काका त्यावरून दूरदूरच्या माणसांशी बोलतात. त्या सवयीने माझ्याशी बोलतानाही शेवटी ‘ओव्हर’ म्हणतात, म्हणजे माझं झालं, आता तू बोल. “चहा ठेव गो. ओव्हर.” ओव्हर ऐकल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

पेणच्या त्यांच्या रेडिओवाल्यांच्या मंडळाने कंप्युटरवर वेबसाईट काढली. तिच्यावर या यंत्राचा फोटो टाकायचा, म्हणजे लोक बघायला येतील. जगाशी बोलणाऱ्या यंत्राला जाहिरात कशाला, मला कळलं नाही. तरी फोटो काढायच्या दिवशी सकाळी मी ते ओल्या फडक्याने लख्ख पुसलं. तबकडीभोवतीच्या पेन्सिलीच्या सात रेघाही गेल्या. बोलणारा कुठला मित्र तबकडीवर कुठे सापडतो, त्याच्या त्या खुणा होत्या.

काका रागावले नाहीत. फोटोवाल्याला म्हणाले, “चमकतंय की नाय? हिची करामत हाय. ओव्हर.”

मग आठवडाभर ते कानाला हेडफोन लावून बटण केसभर फिरवायचे आणि मित्र सापडला की रेघ मारायचे. सहा रेघा परत आल्या. सातवी आली नाही.

“तो आजारीच होता गो,” काका म्हणाले.

माझ्यामुळे हरवला, की आधीच गेला होता? विचारायचं होतं. पण काका ओव्हर म्हणालेच नाहीत. मी फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिले.