ओल्या गोणपाटातलं झाड

दातांच्या दवाखान्यांना कवळ्या बनवून देणाऱ्या त्या बाईंना सगळी इमारत कवळीबाई म्हणायची, आणि त्यांना त्याचं काही वाईट वाटत नसे. उभी हयात लॅबमधल्या एका टेबलाशी गेलेली. प्लास्टरच्या साच्यावर मेणात दात बसवायचे, तारेचा आकडा शेजारचा दात नेमका धरेल असा वळवायचा, घासूनपुसून चकचकीत करून पाठवून द्यायचं. ज्याच्या तोंडात ते जायचं तो माणूस कधी दिसायचा नाही.

बोन्सायचं वेड लागलं ते तारेमुळेच. एका नर्सरीच्या मागच्या कोपऱ्यात त्यांना एक वेडावाकडा पाइन दिसला. बुंधा चांगला जाडजूड, पण शेंडा एकीकडे नि फांद्या भलतीकडे, म्हणून कुणी घेतला नव्हता. 'हा वळेल,' असं त्यांच्या हातांना वाटलं. घरी आणला, तार गुंडाळून फांद्या खाली ओढल्या, त्याच आठवड्यात मुळं कापून छोट्या कुंडीत कोंबला, आणि तो वाळून गेला. दुसराही गेला. मग त्यांच्या लक्षात आलं, की पाइनला घाई चालत नाही. फांद्यांना तार बांधली त्या वर्षी मुळांना हात लावायचा नाही, आणि मुळांना हात लावला की वर्षभर झाडाकडे नुसतं बघत बसायचं.

"माणसांना दात बसवतेस आणि झाडांचे हातपाय पिरगळतेस," ताई म्हणायची. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. दोघी चौथ्या मजल्यावर एकत्र राहायच्या. ताईचा आवाज असा खणखणीत, की फोनची तार नसती तरी तिचं काम अडलं नसतं.

तिसरा पाइन मात्र जगला. नर्सरीतून आणला तेव्हा तो कंबरेएवढा होता. बाईंनी त्याचा वरचा निम्मा भाग उतरवला, एका बाजूच्या फांदीलाच नवा शेंडा केला, आणि खालची लांब फांदी वर्षानुवर्षं तारेने खाली आणत आणत हात पुढे केल्यासारखी आणून ठेवली. झाडाची सगळी ऐट त्या एका फांदीत होती. आता एवढंच राहिलं होतं, की मुळाशी नर्सरीची चिकणमाती अजून तशीच होती. पाणी मुरेना, मुळं कुजायला लागलेली. ती माती काढणं भाग होतं.

आणि इथेच इन्स्पेक्टर आडवे आले.

इन्स्पेक्टर म्हणजे बरोब्बर खालच्या घरातले गृहस्थ. वजनमापांच्या खात्यात नोकरी केलेली, त्यामुळे दुकानदाराचा तराजू असो की शेजाऱ्याची कुंडी, त्यांना काही सरळ दिसायचंच नाही. बाईंच्या बाल्कनीतलं गढूळ पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडलं, तेव्हा ते वर आले नाहीत, बोलले नाहीत, थेट सेक्रेटरीकडे गेले. सेक्रेटरीने फर्मान काढलं, की मातीचं काम वर करायचं नाही, खाली अंगणातल्या नळावर करा. त्या दिवसापासून कवळीबाई आणि इन्स्पेक्टर जिन्यात समोरासमोर आले तरी भिंतीकडे बघायचे.

म्हणून त्या सकाळी बाई झाड घेऊन नळाशी बसल्या. निम्मीच माती काढायची, निम्मी पुढच्या खेपेला, असं ठरवलं होतं. पण आकड्याने जरा टोकरलं आणि कुजलेल्या भागाबरोबर दुसऱ्या बाजूचं ढेकूळही भसकन गळून पडलं. मुळं उघडी पडली. पाइनच्या मुळांवर पांढरी बुरशी असते, तिच्या जोरावर तो जगतो. तीही बरीचशी वाहून गेली. बाईंनी गोणपाट भिजवून मुळांभोवती गुंडाळलं, पाण्याची बाटली घेतली आणि लिफ्ट गाठली. वर कुंडी, मातीऐवजी भरायची खडी, सगळं मांडून ठेवलेलं होतं. पाच मिनिटांत झाड जागेवर गेलं असतं.

दार बंद होणार तोच इन्स्पेक्टर आत शिरले. हातात पावाची पिशवी. बाई झाडाकडे बघू लागल्या, इन्स्पेक्टर छताकडे.

दुसरा मजला गेला आणि लिफ्ट धाडकन थांबली. पंखा थांबला, दिवा गेला. कोपऱ्यातला लहानसा पिवळा दिवा तेवढा लुकलुकत राहिला.

बाईंनी घंटीचं बटण दाबलं. घंटीही विजेवरचीच. मग त्यांनी दारावर थापा मारल्या, तेव्हा वरून ओळखीचा आवाज आला.

"बारके! आत तू आहेस का गं?"

"हो ताई! वॉचमनला सांग!"

"लिफ्टच्या खोलीची चावी सेक्रेटरीकडे आहे आणि सेक्रेटरी बाजारात! फोन लावते! झाड बरंय ना?"

'माझी विचारपूस नंतर का?' असं बाईंच्या ओठांवर आलं होतं, पण मागे काहीतरी घसरल्याचा आवाज झाला. इन्स्पेक्टर भिंतीला पाठ लावून खाली बसले होते. तोंड पांढरंफटक, कपाळावरून घामाच्या धारा.

"काय होतंय?"

"बंद जागेत... मला जमत नाही. नेहमी जिन्यानेच... आज पाय दुखत होते."

बाईंनी बाटली पुढे केली. ते घटाघटा प्यायले, उरलेलं पाणी बाईंनी त्यांच्या तोंडावर मारलं. क्षणभर बरं वाटलं. मग त्यांचे डोळे वर जायला लागले. शर्टाचं बटण उघडताना बाईंना त्यांच्या गळ्याशी धडधड दिसली. अंग तव्यासारखं तापलेलं. आता थंड काहीतरी हवं होतं, मानेवर, छातीवर, आणि त्या चार भिंतींत थंड अशी एकच गोष्ट होती.

बाईंनी गोणपाटाला हात घातला आणि तो तिथेच राहिला.

फार वेळ नाही. पण तेवढ्यात त्यांच्या मनात सगळं येऊन गेलं. सहा वर्षं, ती खालची फांदी, ही उघडी मुळं. आणि चादरी, सेक्रेटरी, भिंतीकडे बघणं. हे सगळं याच माणसामुळे. वर बाल्कनीत काम केलं असतं, तर झाड लिफ्टमध्ये आलंच नसतं. ताई कुणालातरी ओरडून सांगत होती, की लवकर या, माझी बहीण अडकलीय.

मग त्यांनी गोणपाट सोडवलं आणि इन्स्पेक्टरांच्या मानेभोवती गुंडाळलं. एक टोक छातीवर, एक कपाळावर. झाड मांडीवर आडवं घेतलं आणि अंगातला एप्रन काढून मुळांवर टाकला. एप्रन कोरडा ठणठणीत. बारीक मुळं बोटांना सुकताना लागत होती, ओली ती आधी चिकट झाली, मग केसासारखी राठ.

"डोळे उघडे ठेवा," त्या म्हणाल्या. "माझ्याशी बोला. शिव्या द्या हवं तर."

इन्स्पेक्टरांचे ओठ हलले. "पिशवी."

"काय?"

"पाव काढा. पिशवीत... मुळं घाला. हवा लागणार नाही."

बाईंनी पाव जमिनीवर ओतले, मुळं प्लास्टिकच्या पिशवीत घातली, तोंड घट्ट आवळलं आणि दोघं त्या पिवळ्या उजेडात बसून राहिले. बाई एकेक प्रश्न विचारत होत्या, नोकरी कुठे होती, मुलं किती, पहिला खोटा तराजू कुठे पकडला. इन्स्पेक्टर जमेल तसं उत्तर देत होते.

चावी आली तेव्हा वरचं चाक हाताने फिरवून लिफ्ट तिसऱ्या मजल्याला आणली. लोकांनी इन्स्पेक्टरांना उचललं, गोणपाट गळ्यात तसंच. बाई झाड घेऊन चौथ्या मजल्यावर धावल्या, गुडघ्याची पर्वा न करता.

झाड कुंडीत बसवलं. तारेने घट्ट बांधलं, सावलीत ठेवलं. आणि खरा जाच तिथून सुरू झाला, कारण पाइन मेला तरी कितीतरी दिवस हिरवाच दिसतो. मुळं केव्हाच संपलेली असतात आणि सुया आपल्या ताज्यातवान्या. बाई लॅबमध्ये साचा घेऊन बसायच्या आणि डोळ्यांपुढे झाड. एका गिऱ्हाइकाच्या कवळीत त्यांनी डावीकडचा दात उजवीकडे बसवला, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

इन्स्पेक्टरांच्या बायको गोणपाट परत द्यायला आल्या. धुऊन, इस्त्री करून आणलेलं.

"अहो, गोणपाटाला इस्त्री?" ताई म्हणाली.

"ह्यांनी बजावलं. दुसऱ्याची वस्तू तशीच परत करायची नाही म्हणे."

पुढच्या आठवड्यात इन्स्पेक्टर स्वतः आले, एकेक पायरी चढून. बसले नाहीत. बाल्कनीच्या दारात उभे राहून झाडाकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही थांबला होता. मी शुद्धीत होतो, मला दिसत होतं."

ताईने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. खोटं बोलायचं बाईंना सुचलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "थांबले होते."

"हं." इन्स्पेक्टरांनी चष्मा पुसला. "मीही थांबलो असतो. कदाचित जास्तच. जगेल का हे?"

"अजून कळत नाही."

मग ते रोज विचारायला लागले. जिन्यात, फाटकाशी, कुठेही. "काय म्हणतंय?" बाई सांगायच्या, "गप्प आहे." खालच्या फांदीच्या सुया आधी फिकट पडल्या, मग पिवळ्या, मग हात लावला की झडू लागल्या. बाईंनी ताईला सांगितलं, की गेलं बहुतेक. ताईने खाली झडलेल्या सुया गोळा केल्या.

नव्या पालवीच्या दिवसांत एका सकाळी शेंड्याशी फिकट हिरवा कोंब उभा राहिलेला दिसला. बाईंनी चष्मा लावून पाहिलं, मग नखाने हलकेच दाबलं. कोंब टणक होता. दुसऱ्या फांदीवर आणखी दोन. त्यांनी स्टुलावर बसूनच ताईला हाक मारली.

खालची फांदी मात्र मेली. बाईंनी ती करवतीने कापली, जखमेला लेप लावला. ऐट गेली ती गेलीच, झाड एका हाताचं, जरा खुळं दिसायला लागलं. प्रदर्शनाला त्यांनी ते कधी नेलं नाही. इन्स्पेक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी मान तिरकी करून पाहिलं, डावीकडून, उजवीकडून.

"एका बाजूला झुकलंय," ते म्हणाले.

"झुकणारच."

"उजवीकडे वजन कमी पडतंय. तिथे काही आणता येणार नाही का?"

बाईंनी पक्कड उचलली, वरच्या एका बारीक फांदीला बोट लावलं, आणि ती किती खाली येईल याचा अंदाज घेत म्हणाल्या, "येईल. पण यंदा नाही. यंदा नुसतं बघत बसायचं."

इन्स्पेक्टरांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसले.